दोघींचा खेळ : लॉन बोल्समधील स्त्रियांची दुहेरी स्पर्धा

इ. स. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांतील गोष्ट. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत भारताच्या चार स्त्रियांनीं दक्षिण आफ्रिकेच्या संघास १७–१० असें हरवून लॉन बोल्स नांवाच्या खेळांत सुवर्णपदक मिळविल्याची बातमी आली. दुसरे दिवशीं मधल्या सुटींत इयत्ता सातवींतील एका मुलीनें वर्तमानपत्र आमच्यापुढें धरून विचारिलें, "सर, हा खेळ कसा खेळतात?" वीस वर्षें अध्यापन केलेल्या मनुष्यास आपलें अज्ञान कबूल करणें जड जातें, तरी त्या दिवशीं तें करावें लागलें. जवळच बसलेले आमचे एक सहाध्यापक हसून म्हणाले, "अहो, म्हाताऱ्यांच्या गोट्या त्या! त्यांत शिकावयाचें काय?" त्या उत्तरानें त्या मुलीचें समाधान झालें नाहीं, आणि आमचेंही झालें नाहीं. पुढें सवडीनें आम्हीं ह्या खेळाचे नियम वाचले, सामने पाहिले, आणि चौघींच्या सामन्यापासून आरंभ करून शेवटीं दोघींच्या सामन्यावर येऊन थबकलों. ह्या खेळाचें मर्म जितकें जोडीच्या प्रकारांत दिसतें तितकें इतर कोणत्याही प्रकारांत दिसत नाहीं, असें आमचें मत झालें आहे. तें कां झालें, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम खेळाची जागा. बारीक कापलेली सपाट हिरवळ, खेळाच्या दिशेनें ३१ ते ४० मीटर लांब, आणि भोंवतीं उथळ चर. ह्या हिरवळीचे दोऱ्या व खुंट्या लावून पट्टे पाडलेले असतात. एकेका पट्ट्यास रिंक म्हणतात, व एक सामना एका रिंकवर चालतो. एका टोंकास एक लहानशी चटई अंथरून तिच्यावरून एक छोटा गोळा पुढें सोडतात. ह्याचें नांव जॅक. तो चटईपासून निदान २३ मीटर तरी दूर गेला पाहिजे. मग दोन्ही पक्षांचे खेळाडू आळीपाळीनें आपले मोठे गोळे त्याच्या रोखानें सोडतात. हे गोळे सुमारें दीड किलोग्रॅम वजनाचे असतात. सर्व गोळे सोडून झाल्यावर ज्या पक्षाचा गोळा जॅकच्या अगदीं जवळ असेल त्या पक्षानें ती फेरी जिंकली. आणि प्रतिपक्षाच्या सर्वांत जवळच्या गोळ्याहून त्याचे जितके गोळे जवळ असतील तितके गुण त्यास मिळाले. हरलेल्या पक्षास त्या फेरींत कांहींच मिळत नाहीं. नियम एवढाच; आणि येथवर ऐकून आमचे सहाध्यापक खुशाल म्हणतील कीं, ह्या गोट्याच होत.

परंतु हा गोळा सरळ जात नाहीं. त्याची एक बाजू दुसरीपेक्षां किंचित् निराळ्या आकाराची घडविलेली असते. पूर्वीं हे गोळे वेस्ट इंडीज बेटांतील लिग्नम व्हायटी नांवाच्या फार जड लांकडाचे करीत. पुढें रबराचे झाले व नंतर प्लास्टिकचे. द्रव्य बदललें, तरी कल कायम राहिला. ह्या कलामुळें गोळा आरंभीं जवळजवळ सरळ धांवतो, आणि वेग ओसरूं लागला म्हणजे एका बाजूस वळूं लागतो. थांबण्याच्या सुमारास तर आंकड्यासारखा आंत येतो. म्हणून खेळाडूनें जॅककडे नेम धरावयाचा नसतो. जॅकपासून कांहीं हात बाजूला, जेथें कांहीं नाहीं अशा मोकळ्या हिरवळीवर, दृष्टि ठेवावयाची असते.

असें कां होतें, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सहज समजण्यासारखें आहे. घरीं फरशीवर एक रुपयाचें नाणें उभें करून घरंगळत सोडावें. जोंवर वेग आहे तोंवर तें सरळ जाईल. मंदावलें कीं एका अंगास कलेल, व ज्या अंगास कललें त्याच अंगास वळत वळत शेवटीं आडवें पडेल. फिरणाऱ्या वस्तूचा भारमध्य तिच्या धांवेच्या रेषेंतून थोडा बाजूस असला, तर तिचें वजन तिला पाडूं पाहतें; पण ती फिरत असल्यामुळें न पडतां वळते. फिरण्याचा जोर जितका अधिक, तितकें हें वळणें थोडें. गणितानें असें निघतें कीं, वेग निमपट झाला तर वांक चौपट होतो. सारें वळण शेवटच्या थोड्या अंतरांत कां सांठतें, ह्याचें कारण हेंच.

ह्यावरून आणखी एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न होते. हिरवळीची जात सेकंदांनीं सांगतात: चटईपासून २७ मीटरांवर जाऊन थांबणाऱ्या गोळ्यास किती वेळ लागला तो तिचा आंकडा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या दमट, दाट हिरवळीवर हा आंकडा दहा-बारा असतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील कोरड्या, कठीण हिरवळीवर पंधरा, प्रसंगीं अठराही. आतां गंमत अशी कीं, ज्या हिरवळीवर वेळ अधिक लागतो तिला खेळाडू 'जलद' म्हणतात! वाचक म्हणेल, ही उलटी भाषा कोठली? परंतु ती बरोबर आहे. जेथें घर्षण कमी तेथें गोळा हळूच सोडावा लागतो, आणि तो रमतगमत जातो. गोळ्याचा वेग एकसारखा कमी होत जातो असें धरल्यास, बारा सेकंदांच्या हिरवळीवर तो आरंभीं सेकंदास साडेचार मीटर वेगानें सोडला पाहिजे, व अठरा सेकंदांच्या हिरवळीवर तीनच मीटर वेगानें. (हें उदाहरण दहावीच्या मुलांनीं सोडवून पाहावें.) वेग कमी म्हणून वांक मोठा, तेव्हां तोच गोळा, तोच हात, पण लीमिंग्टनमध्यें एक हात बाजूला सोडलेला गोळा मेलबर्नमध्यें दोन हात बाजूला सोडावा लागेल. स्वदेशीं अजिंक्य ठरलेल्या जोड्या समुद्रापलीकडे जाऊन पहिले दोन दिवस गोंधळतात त्या ह्यामुळें.

आतां जोडीकडे वळूं. प्रत्येक पक्षांत दोघी. पहिली सुरुवात करणारी, तिला लीड म्हणतात. दुसरी कप्तान, ती स्किप. प्रत्येकीजवळ सामन्याच्या ठरावाप्रमाणें दोन, तीन किंवा चार गोळे असतात, आणि सामना १५, १८ किंवा २१ फेऱ्यांचा असतो. फेरीच्या आरंभीं दोन्ही पक्षांच्या लीड चटईपाशीं असतात, आणि दोघी स्किप पलीकडल्या टोंकास, जॅकपाशीं. मागील फेरी जिंकलेल्या पक्षाची लीड चटई मांडते, जॅक सोडते, व पहिला गोळा सोडते. तिचें काम उघड आहे: प्रतिपक्षाचे गोळे येऊन गर्दी होण्यापूर्वीं आपले गोळे जॅकला बिलगून ठेवणें. दोघी लीडचे गोळे संपले म्हणजे जागांची अदलाबदल होते. लीड चालत जॅककडे जातात, स्किप चालत चटईकडे येतात. वाटेंत जोडीदारणी एकमेकींस भेटतात, कांहीं शब्द बोलतात, आणि पुढें जातात. सामना दूरदर्शनावर पाहतांना आम्हांस सर्वांत प्रिय झालेलें दृश्य तें हेंच.

कारण त्या क्षणीं कामें उलटतात. आतांपर्यंत स्किप डोळा होती व लीड हात होती. आतां लीड डोळा होते आणि स्किप हात. चटईवर उभ्या असलेल्या स्किपला पंचवीस-तीस मीटरांवरून गोळ्यांचा घोळका नुसता एक काळा पुंजका दिसतो. कोणता गोळा कोणाच्या पुढें, दोहोंमध्यें फट किती, हें तिला दिसूं शकत नाहीं. तें तिची लीड हातांच्या खुणांनीं व शब्दांनीं सांगते. एकेरी सामन्यांत खेळाडू एकटी असते. फार तर तटस्थ नोंदणारास प्रश्न विचारील. चौघींच्या सामन्यांत लीडनें आपले दोन गोळे सोडले कीं तिचें बहुतेक काम संपतें, आणि स्किपला मार्ग दाखविण्याचा मान तिसऱ्या खेळाडूस मिळतो. दोघींतच असें घडतें कीं, प्रत्येक फेरींत प्रत्येकीस आज्ञा करावयाची असते आणि प्रत्येकीस आज्ञा पाळावयाची असते.

एक उदाहरण घेऊं. शेवटची फेरी चालली आहे. आपली जोडी एका गुणानें मागें आहे. प्रतिपक्षाचे सर्व गोळे संपले आहेत व आपल्या स्किपचा एकच गोळा उरला आहे. जॅकपाशीं सर्वांत जवळ प्रतिपक्षाचा एक गोळा, त्याच्या मागोमाग आपल्या लीडचे दोन. गोळा सोडलाच नाहीं तर सामना हरला. मग काय करावें? पहिला मार्ग: हळूच वळवून गोळा प्रतिपक्षाच्या गोळ्याहूनही जवळ नेऊन ठेवावा. परंतु तेवढी जागाच नसेल तर? आणि असली तरी त्यानें गुण एकच मिळणार, म्हणजे बरोबरी. दुसरा मार्ग: थोड्या जोरानें येऊन प्रतिपक्षाचा तो गोळा बाजूस सारावा, मग आपले दोन जवळचे ठरतील व सामना एका गुणानें आपला. पण नेम अर्ध्या वितीनें चुकला तर आपलाच गोळा उडेल. तिसरा मार्ग सर्वांत धूर्त: जॅकलाच धक्का देऊन हातभर मागें न्यावा, जेथें आपल्या लीडनें चुकून लांब गेलेला म्हणून सर्वांनीं हळहळ व्यक्त केलेला एक गोळा पडलेला आहे! जॅक हलूं शकतो, हें ह्या खेळाचें सारें रहस्य आहे; ज्याच्याभोंवतीं जग रचलें तोच केंद्रबिंदु शेवटच्या क्षणीं उठून दुसरीकडे जातो. जॅकला स्पर्श केलेल्या गोळ्यास खडूची खूण करितात, आणि असा गोळा चरांत पडला तरी जिवंत मानतात. स्पर्श न करितां चरांत पडलेला गोळा मात्र मेला. ह्या तिहींपैकीं कोणता मार्ग धरावा हें स्किपनें ठरवावयाचें; पण तो शक्य आहे कीं नाहीं हें तिची लीडच जाणते. लीडनें "फट आहे" म्हटलें, तर दिसत नसलेल्या फटीवर स्किपनें विश्वास टाकावयाचा. ह्याला गोट्या म्हणणारानें एकदां त्या चटईवर उभें राहून पाहावें.

इतका विचार मागणाऱ्या खेळांत स्त्रियांस प्रवेश फार उशीरां मिळाला, हें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. खेळ अतिशय जुना आहे. इंग्लंडांत साउदॅम्प्टन येथील हिरवळ इ. स. १२९९ पासूनची सांगतात. आठव्या हेन्री राजानें १५४१ सालीं कायदा करून कारागीर, मजूर, उमेदवार व चाकर ह्यांस हा खेळ नाताळाखेरीज मना केला, आणि नाताळांतही धन्याच्या घरीं व धन्यासमक्ष. हा कायदा १८४५ पर्यंत रद्द झाला नव्हता! पुढें ग्लासगोच्या डब्ल्यू. डब्ल्यू. मिचेल ह्या गृहस्थानें १८४८–४९ च्या सुमारास नियम बांधले. इंग्लंडची संस्था १९०३ सालीं निघाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष क्रिकेटमध्यें ज्यांचें नांव आमचे विद्यार्थी जाणतात ते डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस. ह्या सर्व वृत्तांतांत स्त्रिया कोठें? पुष्कळ मंडळांत त्या सामन्यानंतरच्या चहापाण्याच्या मेजापाशीं. स्त्रियांची पहिली संस्था इंग्लंडांत न निघतां १९०७ सालीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें निघाली. इंग्लंडच्या स्त्रियांची संस्था १९३१ सालची. आज ज्यांस राष्ट्रकुल स्पर्धा म्हणतात त्यांत पुरुषांचे बोल्सचे सामने १९३० सालीं कॅनडांतील हॅमिल्टन येथें पहिल्याच खेपेस झाले. स्त्रियांचा पहिला सामना ब्रिस्बेन येथें १९८२ सालीं, तोही तिघींचा एकच प्रकार. त्यांत झिंबाब्वेच्या स्त्रिया विजयी झाल्या. दोघींचा सामना १९८६ सालीं एडिंबरो येथें आला. म्हणजे छप्पन वर्षें गेलीं. येवढ्या अवधींत आजीची नात आई होते.

जागतिक अजिंक्यपदाचा क्रम थोडा बरा होता: पुरुषांचें १९६६ सालीं, स्त्रियांचें १९६९ सालीं, दोन्ही सिडनी शहरांत. त्या पहिल्या खेपेस दुहेरीचें पद दक्षिण आफ्रिकेच्या एल्सी मॅकडोनल्ड व मे क्रिडलन ह्यांनीं मिळविलें. १९७७ सालीं इंग्लंडच्या वर्दिंग गांवीं हेलन वाँग व एल्व्ही चोक ह्या हाँगकाँगच्या जोडीनें तें जिंकलें. ज्यांच्या गांवाची जमीन मोजकी, हिरवळी मोजक्या, त्यांनीं ज्या देशांत हा खेळ वाढला त्याच देशांत जाऊन ही कामगिरी केली, ह्याचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें.

पण ज्या जोडीविषयीं लिहावें म्हणून हा लेख हातीं घेतला ती आयर्लंडची. मार्गारेट जॉन्स्टन ह्या उत्तर आयर्लंडच्या, आणि फिलिस नोलन ह्या दक्षिणेकडील प्रजासत्ताकाच्या. नकाशा पाहणारास ठाऊक आहे कीं, हें एक बेट असलें तरी तेथें दोन राज्यें आहेत. आणि १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ च्या करारापर्यंत उत्तरेंत बाँब, गोळीबार व सूड ह्यांनीं हजारों माणसें बळी घेतलीं. ह्याच काळांत, १९८८ सालीं ऑकलंड येथें, ह्या दोघी आयर्लंडची जोडी म्हणून जागतिक दुहेरींत पहिल्या आल्या. १९९२ सालीं स्कॉटलंडांतील एर येथें पुन्हां आल्या. १९९६ सालीं लीमिंग्टन स्पा येथें तिसऱ्यांदां आल्या. बोल्सच्या जागतिक स्पर्धेंत सबंध बेटाचा एकच संघ खेळतो, म्हणून हें शक्य झालें. राष्ट्रकुल स्पर्धेंत तसें नाहीं. आयरिश प्रजासत्ताकानें १९४९ सालीं राष्ट्रकुल सोडलें. त्यामुळें १९८६ सालीं दुहेरीचें पहिलें राष्ट्रकुल सुवर्णपदक जॉन्स्टनबाईंनीं मिळविलें तें उत्तर आयर्लंडच्या फ्रीडा इलियट ह्यांच्याबरोबर. नोलनबाईंस त्या हिरवळीवर पाऊल ठेवण्याची मुभाच नव्हती. एका स्पर्धेंत ज्या सीमेमुळें जोडी होऊं शकत नाहीं, ती सीमा दुसऱ्या स्पर्धेंत दिसतही नाहीं. आणि दोन्ही स्पर्धांत हिरवळ मात्र तितकीच लांब. ह्या दोघी बाया राजकारणाविषयीं काय म्हणत, हें शोधण्याचा आम्हीं यत्न केला नाहीं. चालत जातांना वाटेंत भेटून त्या ज्या गोष्टी बोलत, त्या बहुधा हिरवळीच्या उताराविषयींच्या असाव्यात.

जोडी एकदां जमली म्हणजे ती अनेक वर्षें टिकते, व टिकलेली जोडीच जिंकते, हें पुढील विजयांवरूनही दिसतें. स्कॉटलंडच्या मार्गारेट लेथम व जॉइस लिंडोर्स ह्यांनीं १९९८ सालीं क्वालालंपूर येथें राष्ट्रकुल पदक व २००० सालीं जागतिक पद मिळविलें. न्यूझीलंडच्या शॅरन सिम्स व जो एडवर्ड्स ह्यांनीं २००२ सालीं मँचेस्टर व २००४ सालीं लीमिंग्टन. दक्षिण आफ्रिकेच्या कॉलीन पिकेट व ट्रेसी-ली बोथा ह्यांनीं २०१२ सालीं ॲडलेड व २०१४ सालीं ग्लासगो. एकेरींत तेजस्वी असलेल्या दोन खेळाडू आयत्या वेळीं एकत्र बांधिल्या कीं जोडी होते, असें मात्र नाहीं. कोणती हांक धीराची आणि कोणती घाबरल्याची, हें दुसरीस ओळखतां येण्यास वर्षें लागतात. २०१८ सालीं गोल्ड कोस्ट येथें मलेशियाच्या सिती झलीना अहमद व एम्मा फिर्याना सरोजी ह्या जोडीनें सुवर्णपदक घेतलें; त्यांतील सितीबाई बारा वर्षांपूर्वीं, २००६ सालीं, एकेरींत पहिल्या आल्या होत्या. २०२२ सालीं ऑस्ट्रेलियाच्या एलन रायन व क्रिस्टिना क्रस्टिच ह्या जिंकल्या. ज्या स्पर्धेनें आम्हांस आमचें अज्ञान दाखविलें ती हीच. आणि तिच्यांत सुवर्ण मिळविणाऱ्या आपल्या चौघींपैकीं पिंकी ह्या शाळेंत शारीरिक शिक्षण शिकविणाऱ्या आहेत, हें शिक्षक या नात्यानें येथें नमूद करण्यावांचून राहवत नाहीं.

राहतां राहिली आमच्या सहाध्यापकांची म्हाताऱ्यांविषयींची टीका. त्यांत थोडें तथ्य आहे. त्याच २०२२ सालीं, त्याच हिरवळीवर, शारीरिक अपंगत्व असलेल्या स्त्रियांची दुहेरी स्पर्धा झाली, आणि ती स्कॉटलंडच्या रोझमेरी लेंटन व पॉलीन विल्सन ह्यांनीं जिंकली. लेंटनबाईंचें वय त्या वेळीं ७२ वर्षांचें होतें. हें आम्हीं सहाध्यापकांस सांगितलें तेव्हां ते क्षणभर गप्प राहिले, आणि मग त्यांनीं विचारिलें कीं, गोळा कोठें मिळतो. तो आपल्या गांवांत मिळत नाहीं. कलकत्त्याहून किंवा परदेशांतून मागवावा लागेल. तूर्त सातवीच्या मुली रुपयाचें नाणें घेऊन शाळेच्या व्हरांड्यांत बसतात.